प्रार्थना येत नसली तरी चालेल, वेळेवर या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका धार्मिक संस्थेने चालवलेल्या निवासी व्यसनमुक्ती केंद्रात आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून जायचा विचार आहे. काकांना दारूपायी संपताना जवळून पाहिलंय, म्हणून ही ओढ. पण देवाधर्माशी फारसं सख्य नाही आणि समुपदेशनाचं शिक्षणही नाही. तिथे करायचं काय, सांभाळायचं कशापासून, आणि श्रद्धा नसताना अशा ठिकाणी जाणं हे ढोंग होईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यालाच चिकटलेली आहेत. तुम्ही ढोंग केलंत तरच ते ढोंग होईल. प्रार्थनेच्या वेळी शांत बसून राहिलं तर कुणाची हरकत नसते. येत नसलेले शब्द पुटपुटायचे, डोळे मिटून गहिवरल्यासारखं करायचं, हे मात्र करू नका. तिथली माणसं या बाबतीत फार तयार असतात. नशेसाठी त्यांनी स्वतः घरी, कामावर, उसने पैसे मागताना इतकी नाटकं केलेली असतात की दुसऱ्याचं नाटक पाच मिनिटांत ओळखतात, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. 'मला तुमच्यासारखी श्रद्धा नाही, पण इथे हातभार लावायला आवडेल,' असं केंद्रप्रमुखांना पहिल्याच भेटीत सांगून टाका. त्यावर ते कसे वागतात, यावरून केंद्राबद्दलही बरंच कळेल.

मी या कामात वीसेक वर्षं आहे. पहिली चार वर्षं स्वयंसेवक होते, नंतर रीतसर शिकून समुपदेशक झाले. सुरुवातीला मला वाटायचं की आपण बोलून, समजावून, जीव लावून माणूस सुधारायचा असतो. आता वाटतं, स्वयंसेवकाचं मुख्य काम ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, शुद्धीत हजर होणं हे आहे. ऐकायला फुसकं वाटेल. पण व्यसनात बुडालेल्या माणसाने स्वतःचा शब्द इतक्या वेळा मोडलेला असतो, आणि त्याला कंटाळून इतरांनी त्याला दिलेले शब्दही इतक्या वेळा मोडलेले असतात, की 'गुरुवारी येतो' म्हणून गुरुवारी खरोखर येणारा माणूस त्याला अनेक वर्षांत भेटलेला नसतो. एक गृहस्थ आमच्याकडून बरे होऊन गेले. दोन वर्षांनी भेटायला आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही काय काय सांगायचात ते एक अक्षर आठवत नाही. पण सव्वापाचला फाटकाची कडी वाजायची, ते आठवतं." मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, कारण मी बरंच काही सांगितलं होतं.

धर्म आणि व्यसनमुक्ती यांची गाठ कुठे पडली, हे थोडं माहीत असलेलं बरं. १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. दोघेही दारूने पोखरलेले, दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात आलेले. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. आपल्या चुकांची कबुली द्यायची, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, आणि दुसऱ्या दारुड्याच्या मदतीला जायचं, हे सगळं त्या चळवळीतून आलं. १९३९ मध्ये एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडण्यासाठी टप्प्याटप्प्याने करायच्या गोष्टी, छापल्या गेल्या, तेव्हा देव न मानणारे काही सभासद अडून बसले. त्यांच्या आग्रहामुळे देवाच्या उल्लेखाला 'आम्हाला तो जसा उमगला तसा' ही पुस्ती जोडली गेली. माझ्या मते त्या छोट्याशा पुस्तीने जितकी माणसं वाचवली, तितकी एखाद्या मोठ्या प्रवचनाने वाचवली नसतील. एखाद्या केंद्रातल्या लोकांना ही पुस्ती मनापासून मान्य असेल, तर त्या केंद्राचा धर्म कोणताही असो, तुम्हाला तिथे अडचण येणार नाही.

'हे चालतं का?' हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण काकांना पाहिलेल्या माणसाच्या मनात तो असतोच. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने एए आणि तिच्याकडे नेणाऱ्या उपचारांचा मोठा आढावा घेतला. त्यात २७ अभ्यास होते आणि १०,५६५ सहभागी. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत हे उपचार इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. मात्र हा निष्कर्ष बारा पायऱ्यांपुरता आहे. 'धार्मिक केंद्र' म्हटलं की आपोआप तो लागू होत नाही, हे धार्मिक केंद्रांच्या माहितीपत्रकांत सहसा सांगत नाहीत. त्या आढाव्याचे एक लेखक जॉन केली यांनी एए नेमकी कशामुळे उपयोगी पडते याचा वेगळा अभ्यास केला आहे. त्यात सर्वात मोठा वाटा माणसाचं मित्रमंडळ बदलण्याचा निघाला. पिणारे दोस्त कमी होतात, न पिणारे वाढतात. अध्यात्माचाही वाटा दिसतो, विशेषतः ज्यांचं व्यसन जास्त गंभीर असतं त्यांच्यात. म्हणजे श्रद्धेला कमी लेखायचं कारण नाही, पण तुमच्यासारख्या न पिणाऱ्या, नेमाने येणाऱ्या माणसाची जागा तिथे कुठे आहे ते यावरून लक्षात यावं. इटलीत १९८३ साली एल्विरा पेत्रोत्सी या ननने सुरू केलेल्या चेनाकोलो समुदायात नव्याने आलेल्याला सुरुवातीच्या काळात एक जुना सोबती दिला जातो. त्याला तिथे 'रक्षक देवदूत' म्हणतात. नाव धार्मिक आहे, काम मात्र सोबत करण्याचं.

आता केंद्र निवडण्याबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण चांगल्या मनाचे स्वयंसेवक इथेच फसतात. इमारत, बाग, भिंतीवरची वचनं, बरे झालेल्यांचे फोटो बघू नका. सरळ विचारा: नवीन माणूस आला की त्याच्या पहिल्या तीन रात्री कशा जातात? डॉक्टर तपासतो का? रात्री जागं कोण असतं? फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता?

हे विचारण्यामागे कारण आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते बारा तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो. माणूस भ्रमिष्ट होतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेले नातेवाईक दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर हा जीवावर बेततो. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या, म्हणजे बेन्झोडायझेपाइन गटातल्या, वर्षानुवर्षं घेऊन अचानक बंद केल्या तरी फिट येते. शिवाय दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व आटलेलं असतं. अशा माणसाचा तोल जायला लागला, डोळ्यांच्या हालचाली विचित्र दिसल्या, बोलण्यात गोंधळ वाटला, तर त्याला 'अजून उतरली नाही' म्हणून झोपवून ठेवायचं नसतं. मेंदूला कायमची इजा होऊ शकते आणि ती टाळण्याचा काळ फार थोडा असतो.

धार्मिक केंद्रात एक जादा धोका आहे. भास होणाऱ्या माणसाचे भास आजूबाजूच्यांच्या श्रद्धेत चपखल बसतात. त्याला सैतान दिसतो किंवा पितर दिसतात, आणि कुणाला तरी वाटतं की ही आत्म्याची लढाई चालली आहे. हे मी वरून बोलत नाही. स्वयंसेवक झाल्यावर पहिल्याच वर्षी मी एका थरथरणाऱ्या माणसाचा हात धरून तासभर बसले होते. तो हळूहळू शांत होत गेला, माझ्याशी 'आई' म्हणून बोलायला लागला, आणि मला भरून आलं. मला वाटलं, माझ्या सोबतीने त्याला धीर येतोय. रात्रपाळीच्या मदतनीसाने दारातून एकदा पाहिलं आणि थेट रुग्णवाहिका बोलावली. त्या माणसाला आपण कुठे आहोत, कोणतं साल आहे, काहीच कळत नव्हतं. तो वाचला. तेव्हापासून मी नवीन माणसाशी बोलताना मधूनच वार विचारते, जेवणात काय होतं ते विचारते. तुम्हीही ती सवय लावा. उत्तर विचित्र आलं तर तुमच्या मताने काही ठरवू नका, जबाबदार माणसाला तिथल्या तिथे सांगा. प्रार्थना चालू असली तरी ती थांबवून सांगा.

दुसरा प्रश्न औषधांचा. अफूजन्य नशेवर, म्हणजे हेरॉइनसारख्या पदार्थांवर, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं दीर्घकाळ दिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तरीही बऱ्याच धार्मिक केंद्रांत 'ही तर दुसरी नशाच' असं समजतात. तुमचं स्वतःचं मतही तसं असेल तर ते घरी ठेवून या. 'देवावर भरवसा आहे ना, मग गोळी कशाला?' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या केंद्रांत ऐकलंय, बहुतेक वेळा अत्यंत प्रेमळ माणसांच्या तोंडून. ते ऐकून गोळी सोडलेल्या एका मुलीच्या अंत्यविधीला मी गेले होते.

असं का होतं ते समजून घ्या. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची ती पचवण्याची ताकद उतरते, तलफ मात्र जागी असते. माणूस घसरला की सवयीने जुनंच प्रमाण घेतो आणि त्याचा श्वास बंद पडतो. म्हणून अफूजन्य नशेच्या बाबतीत केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आतल्या दिवसांपेक्षा जास्त धोक्याचे असतात. तिथे अशी माणसं असतील तर नॅलोक्सोन कुठे ठेवलंय आणि ते कसं द्यायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. नाकात फवारायचं किंवा इंजेक्शनने द्यायचं हे औषध अफूजन्य पदार्थांमुळे थांबत आलेला श्वास परत आणतं. पण त्याचा असर तासा-दीड तासात ओसरू शकतो, नशेचा त्याहून जास्त टिकू शकतो. म्हणून माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी रुग्णवाहिका बोलवायचीच.

जाता जाता एक बारीक गोष्ट. काहींना डायसल्फिराम चालू असतं. हे औषध घेणाऱ्याच्या पोटात थोडी जरी दारू गेली तरी चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, कधी कधी प्रकृती गंभीर होते. खोकल्याची काही औषधं, चूळ भरायची काही द्रावणं यांतही अल्कोहोल असतं. ज्या पंथांत विधीच्या वेळी वाइनचा घोट दिला जातो तिथेही हा प्रश्न येतो. समंजस धर्मगुरू नुसता द्राक्षरस ठेवतात किंवा घोट न घेता आशीर्वाद घेऊ देतात. चौकशी करून ठेवा. कुणी विचारलेलं नसतं असं बऱ्याचदा निघतं.

तिसरा प्रश्न: प्रार्थनेला न बसणाऱ्याचं काय होतं? त्याला जेवण उशिरा मिळतं का, घरच्यांशी बोलणं बंद होतं का, 'तुझी सुटायची इच्छाच नाही' असं सर्वांसमोर ऐकवतात का? आणि ज्याला निघून जायचं आहे तो जाऊ शकतो का? दाराला बाहेरून कुलूप, साखळी, मारहाण, उपाशी ठेवणं यातलं काहीही दिसलं तर तिथे स्वयंसेवक होऊ नका आणि गप्पही बसू नका. 'घरच्यांच्या संमतीने करतो' हे त्यावर उत्तर होत नाही. सुदैवाने बहुतेक ठिकाणी असं काही नसतं. कडक दिनक्रम आणि थोडासा उपदेश एवढंच असतं, आणि तेवढा उपदेश सहन करायला हरकत नाही.

काम काय असतं विचाराल तर बरंचसं घरकामच. भाज्या चिरणं, भांडी, नोंदवही, कुणाला दवाखान्यात सोबत, नोकरीचा अर्ज लिहायला मदत, वाचता न येणाऱ्याला घरून आलेलं पत्र वाचून दाखवणं. यातलं कुठलंही हलकं समजू नका. समोरासमोर खुर्च्या मांडून बसलं की माणसं आखडतात. शेजारी उभं राहून भांडी विसळताना, डोळ्याला डोळा न देता, जे बोलणं निघतं ते समुपदेशनाच्या खोलीत महिनाभर निघत नाही. माझं तर मत आहे की नव्या स्वयंसेवकाला पहिले दोन महिने फक्त स्वयंपाकघरात ठेवावं. त्याला माणसं कळतात, माणसांना तो कळतो, आणि उपदेश करायची त्याची खाज तोवर बरीच जिरते.

बोलण्याबद्दल एकच अभ्यास सांगते, कारण तो माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जास्त पिणाऱ्या लोकांवर केलेला. समुपदेशक समोरच्याला जितकं जास्त खोडून काढत होता, 'तुम्ही नाकारताय, तुम्ही दारुडे आहात' असं ठासून सांगत होता, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं. म्हणजे खरं बोललं म्हणून माणूस ऐकतो असं काही नाही. कुणी म्हणाला, "बायको उगाच बोंब मारते, मी काही इतका पीत नव्हतो," तर त्याला आकडे दाखवत बसू नका. "घरात वाद व्हायचे म्हणजे," एवढंच म्हणा आणि थांबा. पुष्कळदा तोच पुढे म्हणतो, "वाद काय, तिने एकदा घर सोडलं होतं." ते त्याच्या तोंडून आलं की त्याचं होतं. तुमच्या तोंडून आलं असतं तर त्याने अर्धा तास तुमच्याशी भांडण केलं असतं.

नशेच्या दिवसांचे किस्से मात्र रंगू देऊ नका. 'एकदा काय झालं, आम्ही पाच जण आणि तीन बाटल्या' अशी सुरुवात झाली की सगळे हसायला लागतात, वातावरण मोकळं होतं, नव्या स्वयंसेवकाला वाटतं आपण त्यांच्यातले झालो. त्याच रात्री दोघांना झोप लागत नाही. सांगणाऱ्याला थांबवायचंही नसतं आणि खुलवायचंही नसतं. "मग सकाळी काय झालं?" असं विचारा. सकाळचा किस्सा सहसा छोटा असतो.

मर्यादांची यादी केंद्र तुम्हाला देईल, ती पाळा. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, फोन वापरायला द्यायचा नाही, बाहेरून काही आणून द्यायचं नाही, अगदी लहानसं पुडकंही नाही. यात मी फक्त गुपितांची भर घालते. 'फक्त तुम्हालाच सांगतो, कुणाला सांगू नका' हे वाक्य पुरं व्हायच्या आत सांगा: "तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल. बाकी माझ्याकडेच राहील." हे आधी सांगितलं तर माणूस सहसा तरीही बोलतो. नंतर सांगितलं तर विश्वासघात होतो. आणि तिथे कुणाला पाहिलंत ते बाहेर बोलायचं नाही. समोरून ते रस्त्यात भेटले तर त्यांनी ओळख दाखवली तरच तुम्ही दाखवायची.

धार्मिक केंद्रांत दिसणाऱ्या एका प्रथेवर माझा जुना राग आहे, तो इथे काढून घेते. नुकताच सुटलेला, चाळीस-पन्नास दिवस झालेला माणूस देणगीदारांसमोर उभा करून त्याला 'साक्ष' द्यायला लावतात. देवाने मला कसं वाचवलं, हे तो सांगतो, लोक डोळे पुसतात, टाळ्या होतात. त्या रात्री तो आकाशात असतो. आणि तीन आठवड्यांनी घसरला की त्याला केंद्रात परत यायची लाज वाटते, कारण त्याने आता फक्त स्वतःचा शब्द मोडलेला नसतो, देवालाही खोटं पाडलेलं असतं. तुमच्या हातात असेल तर असं कुणाला उभं करू नका. हातात नसेल तर किमान त्याच्याशी नंतर साध्या विषयावर बोला.

यावरूनच घसरणीच्या विषयाकडे येते. व्यसन परत डोकं वर काढतं, बऱ्याच जणांचं, आणि काहींचं अनेकदा. रक्तदाब, दमा असे जुनाट आजार जसे पथ्य सुटलं की उलटतात तसंच हे आहे. अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने एका गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं: संपूर्ण वर्ज्य करायचं ठरवलेला माणूस एकदा चुकला की त्या एका चुकीपेक्षा 'आता सगळं गेलंच' ही भावना त्याला जास्त खोल नेते. एक पेला रात्रभराच्या पिण्यात बदलतो तो त्या अपराधीपणामुळे. श्रद्धेच्या ठिकाणी ही भावना दुप्पट होते, कारण तिथे बहुतेकांनी काहीतरी व्रत, वचन, शपथ घेतलेली असते. थायलंडमधल्या वात थाम क्राबोक या बौद्ध मठात १९५९ पासून नशा सोडायला माणसं येतात. तिथेही सर्वांत आधी सत्यशपथ घ्यावी लागते. शपथेत ताकद असते हे मी नाकारत नाही, पुष्कळांना तिने तारलेलं मी पाहिलंय. पण शपथ मोडलेल्या माणसासाठी परतीची वाट कशी ठेवली आहे, हे मला त्या शपथेइतकंच महत्त्वाचं वाटतं. जवळपास प्रत्येक धर्मात पश्चात्तापाला, माघारी येण्याला जागा आहे. केंद्र त्या जागेबद्दल बोलतं की फक्त पापाबद्दल, हे कान देऊन ऐका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, घसरून परत आलेला माणूस फाटकात दिसला की 'असं कसं केलंत?' विचारू नका. आम्ही म्हणतो, "बरं झालं आलात. जेवलात का?" बाकीचं समुपदेशक दुसऱ्या दिवशी बघतात.

आता काकांबद्दल. तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात, पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. तिथे कुणीतरी तुमच्या काकांसारखं हसणारं, काकांसारखं खोटं बोलणारं भेटणारच. त्याला वाचवायची घाई तुम्हाला होईल, आणि त्याने फसवलं तर राग येईल तो त्याच्या वाट्याचा नसेल, काकांच्या वाट्याचा असेल. यात लाजण्यासारखं काही नाही. या कामात येणाऱ्या निम्म्याअधिक माणसांच्या मागे असं कुणीतरी उभं असतं, माझ्याही मागे आहे. फक्त ते आधी ओळखून ठेवावं. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल्-अनॉन हे गट १९५१ पासून आहेत, बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी पुढाकार घेऊन उभे केलेले. केंद्रात जायला लागण्याआधी अशा एखाद्या घरच्यांच्या गटात तीन-चार वेळा नुसतं बसून या. तिथे तुम्ही मदत करणारे नसाल, मदत घेणारे असाल. ती बाजू अनुभवलेला स्वयंसेवक लगेच ओळखू येतो, तो कमी बोलतो.

तुम्ही स्वतः कधीमधी घेत असाल तर प्रमुखांना तसं सांगा. येण्याच्या दिवशी घ्यायची नाही, आदल्या रात्रीचा वासही नको. आणि आणखी एक गोष्ट आधीच ऐकून ठेवलेली बरी: पुरेशी वर्षं काम केलंत तर तुमच्या ओळखीचं कुणीतरी मरेल. कदाचित ज्याच्याबद्दल खात्री वाटत होती तोच. अशा वेळी कुणाशी बोलायचं, हे केंद्राने ठरवलेलं आहे का ते विचारा. श्रद्धाळू सहकाऱ्यांकडे त्या दिवशी दुःखाला काहीतरी विधी असतो. तुम्ही मागच्या रांगेत बसा. मी बसते.

दोन संध्याकाळींचा तुमचा बेत मात्र बदला. एकच वार घ्या. पहिल्या महिन्याच्या उत्साहात दोन काय, चारही जमतात. मग नोकरी, पाहुणे, आजारपण येतं आणि एक संध्याकाळ गळते. तुमच्या दृष्टीने तो वेळापत्रकातला बदल असतो. सहा महिने एक वार नेमाने झाला तर दुसरा जोडता येईल, जोडलेला कुणाला खटकत नाही. कमी केलेला मात्र तिथे बसून फाटकाकडे कान लावणाऱ्या कुणालातरी आणखी एक माणूस सोडून गेल्यासारखा वाटतो.